हिवाळ्यात दक्षिणेकडे: शिडाच्या बोटी धाराशिवमधून बघताना

नोव्हेंबर लागला की यूट्यूबवर एका जातीचे व्हिडिओ हमखास वर येतात. अमेरिकेचा पूर्व किनारा, पहाटेची वेळ, बोटीच्या डेकवर दव. लोकरी टोप्या घातलेलं एक जोडपं कॉफीचे मग हातात धरून कॅमेऱ्याला सांगतं, थंडी आली, आता दक्षिणेकडे निघायचं. नांगर वर येतो, ड्रोन उंच जातो, पांढरं शीड फुगतं, गिटार वाजायला लागते. पुढचे काही महिने दर आठवड्याला एक भाग. कुणी घरदार विकून कायमचं बोटीवर राहायला आलेलं असतं, कुणी एका हिवाळ्यापुरती सुट्टी काढून. शेवट बहुतेकांचा सारखाच. बहामाजचं निळं पाणी, अनवाणी पाय आणि 'हे तुम्हालाही जमेल' असा दिलासा.

मी मूळचा धाराशिवचा, पोट सॉफ्टवेअरवर. गावापासून समुद्र सुमारे 400 किलोमीटर लांब. तरीही हे व्हिडिओ मी नेमानं बघतो, आणि माझ्या वयाची, लॅपटॉपवर काम करणारी बरीच मुलंमुली बघतात. प्रवासवर्णनांची, सिनेमांची समीक्षा आपण वाचतो. मग ज्या प्रकारात आपल्या मोबाइलचे इतके तास जातात, त्याची का नको? म्हणून हा लेख. शिडाच्या बोटीवरच्या हिवाळी सफरीचा हा प्रकार काय नीट दाखवतो, कुठे फसवतो, मुंबई आणि गोव्यात बांधलेल्या दोन बोटींच्या पुस्तकांशेजारी ठेवला तर कसा दिसतो, आणि त्याच महिन्यांत आमच्या जिल्ह्यातून निघणाऱ्या एका वेगळ्या प्रवासाशेजारी ठेवला तर काय होतं, एवढं बघायचं आहे.

आधी ही माणसं दक्षिणेकडे जातात का, ते बघू. कारण दोन बाजूंनी आहे. उत्तरेत थंडी पडते, पाणी गोठतं. आणि दक्षिणेत अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. म्हणून फार लवकर खाली उतरूनही चालत नाही. बऱ्याच विमा कंपन्या ठरावीक तारखेआधी ठरावीक अक्षांशाच्या खाली गेलेल्या बोटीचं नुकसान भरून देत नाहीत. म्हणजे 'मनात आलं आणि निघालो' असं जे पहिल्या मिनिटात ऐकू येतं, ते खरं नसतं. निघण्याची तारीख थंडी, वादळ आणि विम्याचा कागद या तिघांनी मिळून ठरवलेली असते.

पुढची गंमत रस्त्याची. व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून मायामीपर्यंत किनाऱ्याच्या आतल्या अंगानं एक जलमार्ग आहे. नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे जोडून तो केला आहे. नॉरफोकला मैल शून्य, मायामीला साधारण मैल 1,090, म्हणजे जवळजवळ 1,750 किलोमीटर. या मार्गावरचे कायमचे पूल साधारण 65 फूट उंचीचे धरलेले आहेत. डोलकाठी त्याहून उंच असेल तर बाहेरच्या समुद्रातूनच जावं लागतं. बाकीचे बरेच पूल उघडझाप करणारे. त्यांच्या वेळा ठरलेल्या, रेडिओवरून विनंती करायची आणि रांगेत थांबायचं. बोटीचा वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे आरामात चालवलेल्या सायकलीइतका. आणि कालवा अरुंद, वारा हवा तसा क्वचितच, म्हणून या मार्गावर शिडाच्या बोटी बहुतेक वेळ इंजिनावर चालतात.

या प्रकाराची पहिली लबाडी इथे सापडते. थंबनेलवर शीड असतं, आणि प्रवास डिझेलवर होतो. संगीत थांबवून मूळ आवाज ऐकला तर मागे इंजिनाची घरघर असते. एडिटिंगमध्ये ती गिटारखाली दाबलेली असते. वारा म्हणजे स्वातंत्र्य, शीड म्हणजे मोकळेपणा, हे समीकरण विकायचं असल्यामुळे इंजिन लपवावं लागतं. ज्यांनी शिडावर खरोखर पोट भरलं त्या खलाशांना हे समीकरण नवलाचं वाटलं असतं. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई. परीक्षेत दोन मार्कांना असलेली ही माहिती किनाऱ्यालगत शिडावर जाणाऱ्यांचं वेळापत्रक होती. नारळी पौर्णिमेच्या आधी समुद्रात उतरायचं नाही, हेही वेळापत्रकच. 'मान्सून' हा शब्द मुळात ऋतू या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. वाऱ्यावर जगणारा माणूस मोकळा नसतो, तो वाऱ्याला बांधलेला असतो.

मग मी हे व्हिडिओ बघतो कशाला? कारण यांच्यातला जो भाग बनवणाऱ्यांना स्वतःलाच रटाळ वाटतो, तो अस्सल असतो. फ्लोरिडा ते बहामाजमधलं बिमिनी बेट हे अंतर जेमतेम 50 सागरी मैल. पण मधून गल्फ स्ट्रीम नावाचा जोरदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो. हिवाळ्यात थंड हवेची लाट आली की वारा उत्तरेकडून सुटतो. प्रवाह एकीकडे आणि वारा त्याच्या तोंडावर, अशा वेळी पाण्याच्या उभ्या भिंती तयार होतात. म्हणून वारा वळायची वाट बघत बोटी किनाऱ्याला पडून राहतात. दोन दिवस, कधी दहा दिवस. या भागांत काही घडत नाही. कुणी पाण्याचा पंप उघडून बसतं, कुणी फाटलेलं शीड शिवतं, दोघांत भांडण होऊन अबोला धरला जातो, डाळ-तांदळाचा हिशोब होतो. पंप तिसऱ्यांदा उघडला तेव्हा पहिल्या दोन वेळी नेमकं काय चुकीचं समजलो होतो, हे ती माणसं शांतपणे सांगतात. रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमधला बग शोधणाऱ्या कुणालाही हा स्वर ओळखीचा वाटेल. सुट्टीच्या व्हिडिओत मला सगळ्यात जास्त विश्वासार्ह वाटलेली माणसं ही अशी, हातापायाला ग्रीस लागलेली.

माझं म्हणणं असं, की हा प्रकार अवलंबून असण्याची नोंद फार चांगली ठेवतो, आणि स्वतःची जाहिरात मात्र स्वातंत्र्याची करतो. जे नीट जमलंय त्याचीच त्याला लाज वाटते.

हे नीट दिसण्यासाठी दोन पुस्तकांकडे जाऊ. पहिल्याची बोट मुंबईत बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा ब्रिटिश अधिकारी. त्याची 'सुहैली' ही 32 फुटी सागवानी बोट मुंबईच्या सुतारांनी बांधली. 1964 मध्ये ती पाण्यात उतरली. डिसेंबर 1965 मध्ये तो, त्याचा भाऊ आणि एक मित्र मुंबईहून निघाले, मस्कतला गेले आणि तिथून हिवाळ्यातला ईशान्येचा वारा धरून आफ्रिकेच्या किनाऱ्यानं दक्षिणेकडे उतरले. म्हणजे हिवाळ्यात शिडाच्या बोटीनं दक्षिणेकडे जायची एक गोष्ट मुंबईच्या धक्क्यावरूनही सुरू होते. तो प्रवास एका दमात झाला नाही. पैसे संपले म्हणून तिघांना डर्बनला थांबून कामं करावी लागली. पुढे याच बोटीतून 14 जून 1968 ते 22 एप्रिल 1969 या 312 दिवसांत त्यानं एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' या त्याच्या पुस्तकात ही सगळी कथा येते.

सुहैली हे आखाती खलाशांनी एका वाऱ्याला दिलेलं नाव. 'सुहैल' हे अरबीत एका ताऱ्याचंही नाव आहे, आणि तो तारा म्हणजे आपला अगस्ती. थंडीच्या रात्री धाराशिवच्या गच्चीवरूनही दक्षिणेला खाली तो झळकताना दिसतो. पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. बोट हातानं घडवणारे सुतार त्यात येतात, पण पार्श्वभूमीसारखे येतात. त्यांच्या बाजूनं सांगितलेली सुहैलीची गोष्ट मला वाचायची आहे. तरीही आजच्या व्हिडिओंपेक्षा हे पुस्तक एका बाबतीत सरस ठरतं. डर्बनमधली नोकरी त्यात अडथळा म्हणून वगळलेली नाही. पैसे कुठून आले हे वाचकाला कळतं. व्हिडिओंमध्ये हा प्रश्न टाळला जातो किंवा पॅट्रिऑनच्या लिंकवर ढकलला जातो.

दुसरं पुस्तक दिलीप दोंदे यांचं, 'द फर्स्ट इंडियन'. एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोंदे हे पहिले भारतीय. 19 ऑगस्ट 2009 ला ते मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 ला परतले. वाटेत फक्त चार थांबे: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन. हाही एका अर्थी हिवाळ्यातला दक्षिणेचा प्रवासच. आपल्याकडे थंडी असते तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, आणि तिथल्या बेफाम समुद्रातून जायचं तर तेच महिने त्यातल्या त्यात बरे. फरक इतकाच की ही सुट्टी नव्हती. दोंदे नौदलात कमांडर होते आणि हे त्यांना दिलेलं काम होतं.

या कामाची कल्पना कुठे शिजली हे आपल्यासारख्या कोरड्या मुलखातल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी एका भारतीयानं अशी प्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला होता. निवृत्तीनंतर ते साताऱ्यातल्या फलटण तालुक्यात विंचुर्णी या गावी राहायचे. हाही अवर्षणाचाच पट्टा, समुद्राचा वाससुद्धा येणार नाही असा. बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात. 56 फुटांची अशी बोट त्या यार्डानं आधी बांधलेली नव्हती. बोटीला नाव दिलं 'म्हादेई', तिथल्या नदीचं. सराव आणि सल्ल्यासाठी दोंदे गेले ते नॉक्स-जॉन्स्टनकडेच. मुंबईतून निघालेली एक गोष्ट चाळीस वर्षांनी अशी परत आली.

दोंदेंच्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग समुद्रातला नाही. तो निघण्याआधीचा आहे. बोट कुणाकडून बांधून घ्यायची, पैसा कसा मंजूर होणार, कोणती फाइल कुठे, ज्याला या प्रकाराचा गंधही नाही त्या कार्यालयाला हे कसं समजावायचं. सरकारी कामाचा अनुभव असलेला कुणीही मराठी वाचक इथे गालातल्या गालात हसेल. भाषा सरळ, अधिकाऱ्यानं लिहिलेल्या टिपणासारखी. साहित्याच्या अंगानं बघितलं तर ही मर्यादाही आहे. एकटेपणासारख्या विषयावर पुस्तक चटकन पुढे सरकतं, थांबून खोल जात नाही. पण हाच कोरडेपणा त्याला 'सगळं सोडून निघा' या खोटेपणापासून वाचवतो. इथे कुणी काही सोडून निघालेलं नाही. एका माणसाच्या मागे गोव्याचं यार्ड, मुंबईची कार्यालयं आणि विंचुर्णीचा एक म्हातारा उभे आहेत, आणि पुस्तक ते मान्य करतं.

आता परत मोबाइलकडे. 'तुम्हालाही जमेल' यातले 'तुम्ही' कोण? अमेरिकेत व्हिसाशिवाय विमानानं जाऊ शकणाऱ्या देशांच्या नागरिकांनाही स्वतःच्या खासगी बोटीनं तिथे पोचायचं असेल तर व्हिसा लागतो. भारतीय पासपोर्टवर तो तसाही लागतोच. नव्या देशात शिरताना बोटीवर पिवळा झेंडा लावायचा, कप्तानानं किनाऱ्यावर जाऊन कागद दाखवायचे, परवानगी मिळाली की झेंडा उतरवायचा अशी रीत आहे. व्हिडिओत हे काही सेकंदांत उरकतं. ज्याच्या हातात निळा पासपोर्ट आणि डोक्यावर घराचा हप्ता आहे, त्याच्यासाठी गोष्टीतला खरा ताण त्याच सेकंदांत असतो. कॅमेरा नेमका तिथे बंद होतो. ती माणसं खोटारडी आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांना तो ताण जाणवतच नाही, म्हणून तो त्यांच्या गोष्टीत येत नाही.

आणि इथे मला त्याच महिन्यांतला दुसरा प्रवास आठवल्याशिवाय राहत नाही. दसरा-दिवाळी झाली की भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. काही पश्चिमेला, काही दक्षिणेला सांगली-कोल्हापूरकडे, तर काही थेट कर्नाटकात. गाळप संपेपर्यंत मुक्काम तिकडेच, फडाजवळच्या कोपीत. बोटीवर जसं जोडपं असतं तसं इथेही जोडपंच असतं. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशोबात 'एक कोयता' म्हणतात. तिकडे प्रवास सुरू होण्याआधी प्रेक्षक पैसे देतात, इकडे मुकादम उचल देतो. फरक असा, की प्रेक्षकांचे पैसे फेडावे लागत नाहीत आणि उचल अंगावर राहते.

ही तुलना कुणाला ओढूनताणून केलेली वाटेल. कष्टाच्या शेजारी कुणाची सुट्टी ठेवून तिला दोषी ठरवणं सोपं असतं, आणि त्यात मला रस नाही. माझा मुद्दा रूपाचा आहे. ऊसतोडीचेही व्हिडिओ आता मोबाइलवर दिसतात. उसानं शिगोशिग भरलेली बैलगाडी, डोक्यावर मोळी, वर चालू असलेलं गाणं. तीस सेकंदांत संपलं. त्याला आधी नाही, नंतर नाही, पुढचा भाग नाही. बोटीवरच्या जोडप्याला मात्र पंप बिघडला तरी बावीस मिनिटं मिळतात, वारा वळायची वाट बघितली तरी बावीस मिनिटं मिळतात. आठवड्यामागून आठवडे बघितल्यामुळे आपल्याला त्यांचे स्वभाव कळतात, भांडणं कळतात, आपण त्यांची काळजी करायला लागतो. परंड्याच्या जोडप्याची काळजी करायला आपल्याला तेवढी मिनिटंच दिलेली नाहीत. एका प्रवासाला मालिका मिळाली आणि दुसऱ्याला रील. या प्रकाराकडून शिकायचं असेल तर ड्रोन शॉट नाही, ही मिनिटं शिकायची आहेत.

धाराशिवचा शिडांशी संबंध नाही असंही समजू नये. जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथून भरपूर कापड, मलमली, गाड्यांवर लादून बरिगाझाला म्हणजे भडोचला जातात, अशी नोंद तो करतो. जहाजं नैऋत्येच्या वाऱ्यावर यायची आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुरू झाला की परत फिरायची. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तेरचं कापड हिवाळ्यातल्या शिडांवर बसून जात होतं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेलात तर त्या व्यापाराच्या खुणा बघायला मिळतात. पेरिप्लस मला प्रवासवर्णन म्हणून आवडतो कारण त्यात एकही सूर्यास्त नाही. कुठे खडक आहेत, कुठे काय विकलं जातं, कोणत्या महिन्यात निघावं. कामाला निघालेल्या माणसानं कामाला निघणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं ते पुस्तक आहे. पण कापड विणणारा आणि गाडी हाकणारा त्यातही बिननावाचाच.

मराठीत समुद्र कामाची जागा म्हणून आलेला नाही असं नाही. अनंत सामंतांच्या 'एम टी आयवा मारू'त व्यापारी जहाजावरचं जग येतं. पण शिडाची बोट, सुट्टी आणि हिवाळा हे तिन्ही एकत्र आले की आपल्याकडे अजून फक्त उसना उत्साह दिसतो. 'वर्केशन', 'मी टाइम', 'राजीनामा द्या आणि जग बघा'. उद्या कुणा मराठी जोडप्यानं गोव्याहून कारवार, मंगळूर करत कोचीपर्यंत शिडावर जायचं ठरवलं, तर मी प्रत्येक भाग बघेन. माझी अपेक्षा एवढीच, की इंजिनाचा आवाज ठेवा, बंदरातल्या कार्यालयात बसलेला दिवस ठेवा, रजा कुणी मंजूर केली आणि मागे घर कोण बघतंय तेही सांगा. त्यानं सुट्टीची मजा कमी होत नाही. उलट निळं पाणी शेवटी दिसतं तेव्हा ते मिळवलेलं वाटतं.

या व्हिडिओंमधला एक दिवस मला सगळ्यात जास्त आवडतो. हवा वाईट असते, पुढे जाता येत नाही, म्हणून ती माणसं नांगर टाकून नुसती पडून राहतात. उशिरा उठतात, पॅनकेक करतात, पुस्तक वाचतात, पाऊस ऐकतात. अशा न चाललेल्या दिवसासाठीही त्यांच्याकडे एक पूर्ण भाग असतो. ऊसतोडीतही असे दिवस येतात. ताप येतो, लेकरू आजारी पडतं, अंग उचलत नाही, कामावर जाता येत नाही. त्या दिवसाला आमच्याकडे 'खाडा' म्हणतात, आणि त्याचे पैसे कापले जातात. दोन्हीकडे दिवस तोच, नोव्हेंबर-डिसेंबरमधला, घरापासून लांबचा. एकाचा हिशोब प्रेक्षक ठेवतो आणि दुसऱ्याचा मुकादमाची वही. त्या वहीतल्या दिवसालाही कुणीतरी बावीस मिनिटं द्यायला हवीत. मोबाइल आता कोपीतही आहे. ती मालिका सुरू झाली, तर सबस्क्राइब करणाऱ्यांत मी पहिल्या दिवशी असेन.